हा पाय कोणाचा?

गेल्या वर्षीच्या लक्ष्मीपूजनाची गोष्ट. माझी धाकटी मुलगी उंबऱ्यापासून देव्हाऱ्यापर्यंत लक्ष्मीची पावले काढीत बसली होती. मूठ मिटायची, कालवलेल्या तांदळाच्या पिठात बुडवायची, तिची कड जमिनीवर टेकवायची आणि बोटाच्या टोकाने वर पाच टिकल्या द्यायच्या, की झाले लक्ष्मीचे पाऊल! हाताने पाय काढण्याची ही युक्ती आपल्या आयाबायांनी किती पिढ्या सांभाळली आहे! पावले सारख्या अंतरावर पडावीत म्हणून मुलीने माझी फूटपट्टी घेतली होती. एक पाऊल उठले की ती पट्टी पुढे सरकवी आणि स्वतःशीच पुटपुटे, "एक फूट, एक पाऊल. एक फूट, एक पाऊल."

ते शब्द कानांवर पडले आणि हातातली पणती मी तशीच खाली ठेवली. तीसेक वर्षांपूर्वी, ह्याच ओटीवर, अशीच एक पट्टी जमिनीवर ठेवून माझ्या वडिलांनी मला एक प्रश्न विचारला होता. त्या वेळी मला त्याचे उत्तर देता आले नाही. आज वडील नाहीत; परंतु उत्तर मात्र थोडेफार जमले आहे. तेच ह्या दिवाळीला वाचकांपुढे ठेवतो.

आमचे उंबरमाळी शहापूर तालुक्यात, खर्डी आणि कसारा ह्यांच्या मध्ये. डोंगराच्या कुशीत भाताची खाचरे, बांधावर मोह नि उंबर, आणि गावाला घासून जाणारी रेल्वे. आमचा आजा शेतकरी. वडील रेल्वेत गँगमन. हातोडा खांद्यावर टाकून रुळांच्या कडेने रोज मैलोगणती चालायचे, हे त्यांचे काम. काका घरची शेती पाही.

आजा वारला तेव्हा त्याच्या ट्रंकेत एक पिवळा पडलेला कागद निघाला. खालच्या खाचराची वाटणी त्यात लिहून ठेवली होती. मोहाच्या झाडापासून ओढ्याच्या अंगाला चाळीस पावले थोरल्याची, त्यापुढची जमीन धाकट्याची. आजा मोजायचा तो टाच अंगठ्याला भिडवून, पावलाला पाऊल जुळवून, हे साऱ्या घराला ठाऊक होते. त्याबद्दल वाद नव्हता. वाद होता तो पाऊल केवढे, ह्याचा. वडिलांच्या लेखी पाऊल म्हणजे फूट; दुसरे काही असू शकते हे त्यांच्या स्वप्नातही नव्हते. त्यांनी टेप धरली आणि चाळीस फुटांवर खुंटी ठोकली. काका म्हणाला, "दादा, बाबानं पायानं मोजलंय. तुझ्या रेल्वेच्या टेपानं नाय."

शब्दाने शब्द वाढला. दोन दिवाळ्या ह्या घरचा फराळ त्या घरी गेला नाही. आजी दोन्ही घरांच्या मधल्या पडवीत बसून राही आणि कोणाशीच बोलत नसे. मराठीत फूट हा शब्द दोन अर्थांनी येतो. एक मोजण्याचा, दुसरा दुभंगण्याचा. व्युत्पत्तीने त्या दोहोंचा काही संबंध नाही. एक इंग्रजांकडून आला, दुसरा संस्कृतातल्या स्फुट् धातूचा वंशज. पण आमच्या घरात पहिल्याने दुसरी घडवून आणली खरी.

तिसऱ्या वर्षी, नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री वडील कामावरून आले. पायांतले जड बूट काढले आणि मला म्हणाले, "तुझी पट्टी आण." मी तेव्हा सातवीत होतो. त्यांनी पट्टी ओटीवर ठेवली, शून्यावर टाच टेकवली आणि कंदील जवळ घेऊन वाकून पाहिले. अंगठा दहा इंचांवर. त्यांनी दुसरा पाय ठेवून पाहिला. तोही दहा. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हाताऱ्याचा पाय माझ्याएवढाच. त्याच्या वहाणा मी घालायचो." आणि पट्टी मला परत देताना त्यांनी विचारले, "मास्तर काय सांगतात रे? ह्या पट्टीवरचा पाय कोणाचा?"

मी सांगितले, "इंग्रजांच्या राजाचा असंल."

वडील हसले. "राजा कधी खाचरात उतरला होता?"

दहावीपुढे मी कॉलेजची पायरी चढलो नाही. शाळेत पोरे शिकवायला लागलो, पुढे कादंबऱ्या लिहू लागलो. पण तो प्रश्न काही सुटेना. शब्दांच्या मागे लागण्याची खोड मला त्या रात्रीपासून लागली. मोल्सवर्थसाहेबाचा मराठी-इंग्रजी कोश, कृ. पां. कुलकर्ण्यांचा १९४६ सालचा मराठी व्युत्पत्ति कोश, असे जे हाती लागले ते वाचीत गेलो. आणि पहिलाच शोध असा लागला, की मी तोंडात बोट घातले. वडील आणि काका ज्या दोन शब्दांवरून भांडत होते, ते दोन शब्द मुळात एकच होते!

इंग्रजी फूट म्हणजे पाय, हे शाळेत कोणीही सांगेल. परंतु फूट आणि पाय हे सख्ख्या नात्याचे शब्द आहेत, हे सहसा कोणी सांगत नाही. आपला पाय आला संस्कृत पाद ह्या शब्दातून; प्राकृतात मधला दकार झिजला, पाअ झाले आणि मराठीत पाय. तिकडे लॅटिनमध्ये पायाला म्हणत पेस, आणि विभक्ती लागली की पेदिस. ग्रीकमध्ये पूस, पोदोस. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत सर विल्यम जोन्स ह्या न्यायाधीशाने भाषण केले आणि संस्कृत, ग्रीक व लॅटिन ह्या भाषा कोण्या एकाच मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात असे सांगितले, ते असल्याच साम्यांमुळे.

पण इंग्रजीचे काय? पाद कुठे आणि फूट कुठे! हे कोडे उलगडले ते डेन्मार्कच्या रास्क ह्या पंडिताने आणि जर्मनीच्या याकोब ग्रिम ह्याने. हाच तो ग्रिम, ज्याने भावाबरोबर गोळा केलेल्या परीकथा आपली मुले वाचतात. १८२२ साली त्याने नियम मांडला. जुन्या भाषांत जिथे प असे, तिथे इंग्रजी-जर्मनच्या घराण्यात फ आला. जिथे द होता, तिथे ट आला. एकदा ही किल्ली हातात आली की कुलपे पटापट उघडतात. पितृ आणि फादर. पंच आणि फाइव्ह. पूर्ण आणि फुल. दोन आणि टू. दश आणि टेन. दंत आणि टूथ. आता पाद घ्या. पचा करा फ, दचा करा ट. फूट हजर!

मुले आणखी एक शंका काढतात. फूटचे अनेकवचन फूट्स का नाही, फीट का? त्याचीही मौज आहे. फार जुन्या काळी अनेकवचनाला शेवटी इकाराचा प्रत्यय लागे. तो इ उच्चारायचा म्हणून जीभ आधीच पुढे सरके, आणि शब्दातला ओ बिघडून ए होई. पुढे प्रत्यय गळून पडला, बिघाड तेवढा राहिला. टूथचे टीथ आणि गूजचे गीज होते ते ह्याच न्यायाने. पाहुणा गेला, पण जाताना घरातले सामान हलवून गेला, असा हा प्रकार!

आता आपल्याकडच्या पायाने काय काय पराक्रम केले ते पाहा. जनावराला पाय चार. म्हणून एक पाय म्हणजे चौथा हिस्सा. श्लोकाचे चार पाद असतात ते ह्याच हिशेबाने. ह्याच पादाचा झाला पाव. पावशेर तेलातला पाव तो हाच. चार आण्यांची पावली ती हीच. पुढे पंचवीस पैशांच्या नाण्यालाही लोक पावली म्हणत. ते नाणे ३० जून २०११ रोजी चलनातून गेले, पण म्हाताऱ्यांच्या तोंडची पावली अजून चालते. पादाने ऊन, म्हणजे एक पाय कमी, ते पादोन; त्याचे झाले पाऊण. आणि पादासह ते सपाद. त्याचा झाला सवा, सव्वा. सत्यनारायणाच्या प्रसादाला सव्वा किलो रवा घ्या म्हणतो, तेव्हा एका किलोला एक पाय जोडून घ्या, असेच आपण म्हणत असतो!

आमच्या आजाला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी, सारे पाढे तोंडपाठ होते. औट म्हणजे साडेतीन. शाळेचे तोंड त्याने दोनच वर्षे पाहिले. पण भाताचा, गवताचा, मजुरीचा हिशेब तो ह्या पाढ्यांवर असा भराभरा करी, की व्यापारी कागद-पेन्सिल चाचपीत राही. बाराखडी शिकतानाच त्याच्या जिभेवर अडीच हजार वर्षांचा पाद येऊन बसला होता, हे त्याला कुठे ठाऊक होते!

पायाच्या गणगोताची मोजदाद करायला बसलो तर अंक पुरायचा नाही. पाऊल, पायरी, पाया, पायथा, पायदळ, पायवाट, पायंडा, पायगुण, पायपीट. धन्यासाठी पायी धावणारा तो पाईक. इंग्रजीतही असेच. डोंगराचा पायथा म्हणजे त्याचा फूट. पलंगाचा पायथा हाही फूटच. हिशेबाची बेरीज कागदाच्या पायथ्याशी मांडीत, म्हणून साहेब बिल भरतो तेव्हा ते फूट करतो! आपल्या कवितेला चरण असतात. इंग्रजी कवितेलाही फूटच असतात. आणि कसारा लोकलच्या फूटबोर्डावर एक पाय ठेवून आमच्या तालुक्यातली जी तरणी पोरे रोज मुंबई गाठतात, त्यांना फूट ह्या शब्दाचा अर्थ कोणी शिकवायला नको.

काही नातेवाईक तर फार लांबून, वेषांतर करून घरी आले आहेत. फारसीतही पायाला पायच म्हणतात. ते घराणे आपल्या चुलत्याचे. पायाचा जामा तो पायजामा. आपण त्याचा पायजमा केला, आणि इंग्रजाने तो इथून उचलून विलायतेला नेला. बुद्धिबळातले प्यादे फारसीतून आले. त्याचा अर्थ पायी चालणारा. त्यालाच इंग्रज पॉन म्हणतो, आणि तो शब्द लॅटिनच्या पायातून निघालेला. म्हणजे पटाच्या दोन्ही बाजूंना बसलेले खेळाडू वेगवेगळ्या भाषांत एकाच पायाला पुढे ढकलीत असतात. शिलाईच्या यंत्राच्या पेडललाही लॅटिन पेदिसचाच आधार. आपल्या शिंप्यांनी त्याचे पायडल केले, तेव्हा नकळत त्याला कुळाचे नाव परत दिले.

सर्वांत मौज टीपॉयची. दिवाणखान्यात पाहुण्यांपुढे चहा ठेवायचे ते टेबल. साहजिकच आपण समजतो, टी म्हणजे चहा आणि शब्द साहेबाचा. पण मूळ शब्द आपल्याकडचा तिपाई, म्हणजे तीन पायांची! साहेबाने तो ऐकला, त्याच्या कानाला त्यात चहा ऐकू आला, त्याने टीपॉय लिहिले आणि आपण तो त्याच्याकडून उसना आणला. १८८६ साली निघालेल्या हॉबसन-जॉबसन ह्या प्रसिद्ध कोशात हे सारे नोंदलेले आहे. आपलेच पोर शेजाऱ्याचे समजून कडेवर घेतले, त्यातला हा मासला.

उलट, घरातला वाटणारा एक शब्द मुळीच नात्याचा नाही. बेकरीतला पाव. पायांनी तुडवून कणीक मळतात म्हणून पाव, अशी एक गोष्ट सांगतात, आणि ती ऐकून पूर्वीची सोवळी माणसे पावाला शिवत नसत. बिचाऱ्या पावावरचा हा आळ खोटा. तो पोर्तुगीजांबरोबर आला, आणि त्याचे मूळ लॅटिनमध्ये भाकरीला जो शब्द आहे त्यात आहे. त्याचा पायाशी काही संबंध नाही. असो.

पण वडिलांचा प्रश्न शब्दाचा नव्हता, मापाचा होता. बारा इंचांचा हा पाय कोणाचा? पुष्कळ पुस्तकांत राजाच्या पायाची कथा सापडते. कोणी शार्लमेनचे नाव घेतो, कोणी इंग्लंडच्या पहिल्या हेन्रीचे. गोष्ट म्हणून ठीक. परंतु ह्या दोन्ही राजांच्या कितीतरी शतके आधी रोमन लोक पायाने मोजीत होते. त्यांचा पाय आजच्या मापाने साधारण २९.६ सेंटिमीटरचा, आणि त्याचे ते बारा भाग करीत. त्या बाराव्या भागाला उंकिया म्हणत. तिचाच पुढे इंच झाला. म्हणजे राजा जन्मला नव्हता तेव्हा त्याचा पाय वापरात होता!

मग पाय ठरवला कोणी? ह्याचे उत्तर मला दोन जुन्या पुस्तकांच्या माहितीत सापडले, आणि दोन्हींत ते एकच आहे ह्याचे मला अजून नवल वाटते.

पहिले सोळाव्या शतकातले, जर्मनीतले. याकोब कोबेल नावाच्या माणसाने जमीनमोजणीवर पुस्तक लिहिले. त्यात तो सांगतो, की रविवारी चर्चमधून लोक बाहेर पडतील तेव्हा दाराशी उभे राहा आणि येतील ते सोळा पुरुष थांबवा. उंच असोत, बुटके असोत, निवड करू नका. त्यांना डावा पाय एकामागे एक, टाच अंगठ्याला भिडवून ठेवायला सांगा. जी लांबी भरेल ती मोजणीची काठी. तिचा सोळावा हिस्सा तो खरा, कायदेशीर फूट. पुस्तकात ह्याचे चित्रही आहे. ओळीने उभी सोळा माणसे, आणि त्यांच्या पायांतून तयार होणारे माप.

दुसरे पुस्तक आपले, कौटिल्याचे अर्थशास्त्र. त्यात अंगुळाचे माप दिले आहे. यवाचे, म्हणजे सातूचे, आठ दाणे आडवे लावले की एक अंगुळ; किंवा मध्यम उंचीच्या माणसाच्या मधल्या बोटाची मधली रुंदी. मध्यम माणूस, मधले बोट, मधली जागा! चक्रवर्ती राजाच्या दरबारातल्या मंत्र्याने लिहिले, परंतु राजाचे बोट घेतले नाही. चारचौघांतल्या मधल्या माणसाचे घेतले. आणि अशा चौदा अंगुळांना तो एक पद म्हणतो. अंगुळ धरतात पाऊण इंचाच्या आसपास. हिशेब केला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. चौदा अंगुळे म्हणजे साडेदहा इंच. त्या रात्री कंदिलाच्या उजेडात भरलेल्या माझ्या वडिलांच्या पायाहून फक्त अर्धा इंच जास्त!

थंड मुलखातल्या त्या सोळा माणसांच्या पायांत जोडे असणारच. आपला मध्यम माणूस अनवाणी. फरक पडायचा तो पडला.

सातूच्या दाण्याची गंमत तिकडेही आहे. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात सातूचे तीन दाणे लांबीने लावले की इंच, आणि बारा इंचांचा फूट. इंग्रजी पद्धतीने पादत्राणांचा नंबर अजून त्याच हिशेबाने चढतो. सातव्या नंबरच्या आणि आठव्या नंबरच्या बुटांत तिसरा हिस्सा इंचाचा, म्हणजे एका दाण्याचा फरक. दुकानात आपण "जरा एक नंबर मोठा दाखवा" म्हणतो, तेव्हा सातूचा एक दाणा मागत असतो.

पुढे माणसाचा पाय मापातून निघून गेला. १९५९ साली इंग्लंड, अमेरिका आणि आणखी काही देशांनी मिळून ठरवले, की फूट म्हणजे बरोबर ०.३०४८ मीटर, एक केसही इकडे तिकडे नाही. आपल्याकडे १९५६ सालच्या कायद्याने दशमान मापे आली. परंतु लोकांच्या तोंडून फूट गेला नाही. मुलांच्या दप्तरातली पट्टी तीस सेंटिमीटरची असते, म्हणजे फुटाला अर्धा सेंटिमीटर कमीच. तरी ती फूटपट्टी. खोली दहा बाय बाराची, विहीर चाळीस फूट. सातबाऱ्यावर हेक्टर आणि आर लिहितात. गावात व्यवहार गुंठ्यांचा. आणि गुंठा म्हणजे तेहेतीस फूट लांब, तेहेतीस फूट रुंद. असे चाळीस मिळून एक एकर. मीटरच्या कागदाखाली इंग्रजी फूट, आणि इंग्रजी फुटाखाली आपले पाऊल. जमीन विकायला निघा, तीनही बाहेर येतात.

आमच्या भागाचे तर सारे नशीबच फुटांनी आखले गेले. जी.आय.पी. रेल्वे १८६१ साली कसाऱ्यापर्यंत आली, आणि १८६५ साली थळघाट चढून वर गेली. दोन रुळांमधले अंतर साडेपाच फूट. घाटाचा चढ सदतीस फुटांना एक फूट. म्हणून गाडीला कसाऱ्याला मागून जादा इंजिने लावावी लागतात. हे आकडे कागदावर साहेबाने लिहिले. पण ते साडेपाच फूट साडेपाचच राहावेत, खडीवरून एक रेघही हलू नयेत, म्हणून उन्हापावसात रोज चालले ते पाय दहा इंचांचे होते. वडिलांच्या टाचांना बारा महिने भेगा असत. रात्री आई त्यांत कोकमाचे तेल भरी.

पायाला आपण हलका मानतो. पायाची वहाण पायीच बरी, ही म्हण ज्यांना उद्देशून वापरली गेली त्यांच्या मनाला ती किती लागली असेल, ते मी आमच्या शाळेतल्या पोरांच्या आजोबांकडून ऐकले आहे. आणि तेच आपण पंढरीला पायी जातो, विठोबाच्या पायांवर डोके ठेवतो, नामदेवाच्या पायरीवर पाय पडू नये म्हणून जपतो. पाय हलका की भारी, ह्याचा निकाल आपल्याला अजून लागलेला नाही.

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून निघालेला शेतकऱ्यांचा मोर्चा कसारा घाट उतरून आमच्या तालुक्यातून मुंबईला गेला. ६ तारखेला निघालेली माणसे १२ तारखेला आझाद मैदानात पोचली. सुमारे १८० किलोमीटरची चाल. त्यांत वनजमीन कसणारे आदिवासी फार होते. कसतो ती जमीन आपल्या नावावर व्हावी, हे त्यांचे एक मुख्य मागणे. मुंबईत पोचल्यावर त्यांच्या पायांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत आली. कातडे सोललेले, फोड फुटलेले पाय. शहरातल्या लोकांनी चपला आणून दिल्या. मी ती चित्रे बराच वेळ पाहत राहिलो. जमीन कोणाची, हे कागदावर मोजतात टेपने. पण मागायला जावे लागते पायांनीच.

आता त्या रात्रीनंतर काय झाले ते सांगितले पाहिजे.

पाडव्याच्या दिवशी पहाटे मला जाग आली तेव्हा वडील ओटीवर नव्हते. आजी म्हणाली, "खाली गेलाय." मी धावत खाचराकडे गेलो. धुके होते. वडील मोहाच्या झाडाला पाठ लावून उभे होते, अनवाणी. मग निघाले. टाच अंगठ्याला भिडवून, एक एक पाऊल, ओठांत मोजीत. दवाने ओल्या झालेल्या मातीवर त्यांची पावले एकाला एक चिकटून उमटत गेली. चाळिसाव्या पावलाला ते थांबले. त्यांची स्वतःची खुंटी अजून पुढे, सहा फूट आठ इंचांवर होती. त्यांनी ती उपटली आणि जिथे उभे होते तिथे ठोकली. मोठमोठ्याने काही बोलले नाहीत. मला पाहून एवढेच म्हणाले, "तुझ्या काकाला सांग, बाबाच्या पायानं मोजलंय."

मी सांगितले. काका उंबऱ्यात उभा होता. त्याने काहीच विचारले नाही. थोड्या वेळाने काकू फराळाचे ताट घेऊन पडवी ओलांडून आमच्याकडे आली, आणि आजीने दोन वर्षांत पहिल्यांदा करंजी मोडली.

तो दिवस बलिप्रतिपदेचा होता, हे मला फार पुढे जाणवले. आपण दरसाल ती कथा सांगतो. वामनाने बळीराजाकडे तीन पावले जमीन मागितली. बळीने समोरच्या बटूचे पाऊल पाहिले आणि हो म्हटले. मोजताना मात्र पाऊल निराळे निघाले. दोहोंत पृथ्वी नि आकाश संपले, आणि तिसऱ्याला बळीने आपले डोके पुढे केले. देवाच्या लीलेवर बोलण्याचा माझा अधिकार नाही. परंतु शेतकऱ्याचा पोर म्हणून एवढे वाटते, की जमिनीच्या प्रत्येक व्यवहारात हाच एक प्रश्न असतो. पावले किती, हा नव्हे. पाऊल कोणाचे, हा. आणि म्हणूनच की काय, आमच्या बाया अजून त्या दिवशी ओवाळताना बळीचे राज्य यावे म्हणतात.

वडिलांना आज उत्तर द्यायचे झाले तर मी म्हणेन: बाबा, पट्टीवरचा पाय राजाचा नव्हे. तो चर्चच्या दाराशी थांबवलेल्या सोळा सामान्य माणसांचा. कौटिल्याचा तो मध्यम माणसाचा. आणि फूट काय, पाय काय, शब्द एकाच आईचे. तुम्ही आणि काका, तसेच.

मुलीची पावले तोवर देव्हाऱ्यापाशी पोचली होती. शेवटच्या पावलाला पट्टी आडवी येईना. जागा फुटापेक्षा कमी उरली होती. तिने माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, "पट्टी ठेव बाजूला. मुठीनं काढ."

तिने काढले. ते बरोबर जागेवर बसले.